क्रोन्स किंवा यूसीत पोट दुखतं तेव्हा: पूरक गोळ्या आणि चूर्णं घेण्याआधी वाचा

मी फार्मासिस्ट आहे. सांगलीत माझं औषधांचं छोटं दुकान आहे. २०१४ साली माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याला वरचेवर दाह होणारा दीर्घ आजार) निघाला, आणि तेव्हापासून पोटदुखीची चिठ्ठी घेऊन येणारं कुणीही मला नुसतं गिऱ्हाईक वाटलेलं नाही.

निदानानंतर दोन वर्षांनी त्याला पोट साफ न होण्याचा त्रास सुरू झाला. जेवल्यावर बेंबीच्या उजवीकडे कळा यायच्या, पोट गुरगुरायचं. मी त्याला इसबगोल दिलं. रात्री दोन चमचे, कोमट पाण्यातून. आमच्या घरात आजीपासून सगळ्यांनी घेतलेलं, त्यात कसली भीती! तिसऱ्या दिवशी त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरणं बंद झालं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झाला होता आणि त्याच्या अलीकडे सगळं तुंबलं होतं. नाकातून नळी, सलाईन, पाच दिवस पोटात अन्नाचा कण नाही. शस्त्रक्रिया टळली, एवढंच.

त्याच महिन्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस (यूसी, मोठ्या आतड्याचा असाच दाहाचा आजार) असलेल्या एक शिक्षिका दुकानात येऊन म्हणाल्या, "ताई, डॉक्टरांनी इसबगोल सुरू केलं आणि गुबारा, मुरडा दोन्ही गेलं बघा." चूर्ण तेच, दुकानही तेच. तिच्या आतड्यात वाट मोकळी होती, माझ्या भावाच्या आतड्यात नव्हती. त्याचं आतडं कसं आहे हे न विचारता मी पुडी हातात दिली, ही चूक माझी होती. तुम्ही ती करू नये म्हणून हा लेख लिहिते आहे. पुढच्या पायऱ्या क्रमानेच घ्या. तिसरी किंवा चौथी आधी वाचून ऑनलाइन बाटली मागवू नका.

पायरी १: दुखणं कसलं आहे ते ओळखा

आयबीडीच्या, म्हणजे क्रोन्स किंवा यूसीच्या, रुग्णाचं पोट एकाच कारणाने दुखत नाही. दाह भडकलेला असेल तर मुरडा येतो, संडासची घाई होते, आव-रक्त पडतं. आतडं अरुंद झालं असेल (डॉक्टर त्याला स्ट्रिक्चर म्हणतात) तर जेवल्यावर तासा-दोन तासांनी कळ येते, पोट फुगतं, आतून मोठ्याने गुरगुरतं आणि उलटी झाली की हायसं वाटतं. लहान आतड्याचा शेवटचा तुकडा काढलेला असेल तर पित्ताम्लं शोषली जात नाहीत, ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. त्यावर वेगळं औषध असतं. काहींना नुसतं दूध पचत नसतं. क्रोन्समध्ये मूतखडे आणि पित्ताशयातले खडेही जास्त दिसतात. पाठीतून जांघेकडे उतरणारी कळ असेल तर ती आतड्याची नसून मूत्रमार्गाची असण्याची शक्यता मोठी.

आणखी एक प्रकार आहे, तो नव्या रुग्णांना कुणी नीट सांगत नाही. औषधांनी दाह शांत झाला, कोलोनोस्कोपीत आतडं स्वच्छ दिसलं, तरी पोट दुखतच राहतं. आजार शांत असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना असा त्रास होतो. दाहाच्या काळात आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. साधा गॅस किंवा आतड्याची नेहमीची हालचालही त्यांना कळ म्हणून जाणवते. हे दुखणं खरं असतं. "तुझे रिपोर्ट चांगले आहेत, मनाचं आहे सगळं," असं घरातलं कुणी म्हणालं तर त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

दाह चालू आहे की नाही हे ओळखायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी आहे. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत आकडा असेल तर दाह नसण्याची शक्यता जास्त, २५० च्या वर असेल तर दाह चालू असण्याची. मधल्या आकड्यांना डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. तपासणीआधी दाहशामक वेदनाशामकं घेतली असतील तर सांगा, त्यांनीही आकडा वाढतो. पूरक गोळ्यांना जी काही जागा आहे, ती बहुतांशी आकडा खाली असून दुखणाऱ्या पोटासाठी आहे. आकडा वर असेल तर मूळ औषध कमी पडतंय. ते वाढवायचं की बदलायचं हे ठरेपर्यंत चूर्णात वेळ घालवणं म्हणजे आतड्याचं नुकसान वाढू देणं. आपल्याकडे तर क्रोन्स आणि आतड्याचा क्षय इतके सारखे दिसतात की उपचारांनी फरक पडत नसेल तर डॉक्टर निदानच पुन्हा पडताळून पाहतात. तेही त्यांना वेळेत करू द्या.

पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारा सरत नसेल, कळ अचानक येऊन पोट लाकडासारखं कडक झालं असेल, किंवा ताप आणि थंडी वाजत असेल तर दवाखाना गाठा. यूसी असेल आणि दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होत असतील, सोबत नाडी ९० च्या वर किंवा ताप १०० फॅरनहाइटच्या वर असेल तर तो तीव्र झटका समजतात. त्यात भरती व्हावं लागतं. अशा वेळी घरगुती उपायाचा एक चमचाही घेऊ नका.

पायरी २: नवीन काही घेण्याआधी जुनं काय बंद करायचं ते बघा

दुकानात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली पायरी ही आहे. रुग्णाला मी सांगते, घरात जे काही घेता ते सगळं पिशवीत घालून आणा. गोळ्या, चूर्णं, काढे, प्रोटीनचा डबा, सगळं. अर्ध्या वेळेला दुखण्याचं कारण त्या पिशवीतच सापडतं.

पहिली बघते ती पोटदुखीची नेहमीची गोळी. पाळीच्या दुखण्यासाठी घराघरात असते ती, मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमीन एकत्र असलेली. मेफेनॅमिक ॲसिड हे आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकच्याच कुळातलं. या कुळातली औषधं आतड्याच्या अस्तराला त्रास देतात आणि त्यांनी आयबीडी भडकू शकतो. पोट दुखतं म्हणून गोळी घ्यायची आणि गोळीने पोट आणखी बिघडायचं, असं चक्र मी कितीतरी जणांचं पाहिलं आहे. दुखणं कमी करायचंच असेल तर पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित. किती आणि किती दिवस, हे विचारून घ्या. डायसायक्लोमीनसारखी आतड्याची हालचाल मंदावणारी औषधं यूसीच्या तीव्र झटक्यात मोठं आतडं धोकादायक फुगवू शकतात. तीही तेव्हा नकोत.

दुसरी, "पोट साफ" करणारी चूर्णं. त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला आकुंचन पावायला लावते, म्हणजे कळ आणणं हेच तिचं काम. हळव्या आतड्याला ती देऊ नये.

तिसरं लोह. रक्तक्षय झाला म्हणून दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठ होतो आणि संडास काळी होते. काळी संडास पाहून रुग्ण रक्त समजून घाबरतो, किंवा उलट, खरं रक्तही लोहामुळेच असेल समजून दुर्लक्ष करतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, एक दिवसाआड देता येते. दाह चालू असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर शिरेतून लोह देणंच योग्य मानतात.

व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या साशेचा किस्सा सांगायलाच हवा. हे साशे किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरलेल्या आठवड्यांपुरतं घ्यायचं असतं. एक काका ते रोज घेत होते. सव्वा महिना झाला होता. भूक गेली, बद्धकोष्ठ, पोटात सतत दुखणं, तहान. क्रोन्स वाढला असं समजून ते आणखी औषध मागायला आले होते. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. कॅल्शियम वाढलं की पोट दुखतंच. चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" लिहिलेलं असलं तरी मी आता पुडीवर वारच लिहून देते: दर रविवारी.

बाकीचं थोडक्यात. मॅग्नेशियमने जुलाब होतात. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने जुलाब होतात आणि ऑक्झलेटचे मूतखडे होण्याचा धोका वाढतो. क्रोन्समध्ये तो आधीच जास्त असतो. साखर नसलेल्या सरबतात आणि चघळायच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल असतं, त्याने गॅस आणि कळा. प्रोटीनच्या डब्यात लॅक्टोज असू शकतं. आणि भस्मं किंवा रसकल्प घेत असाल तर कुणी बनवलं, कुठून आणलं, हे विचारा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं अंगात साठलं की पोटात पीळ पडल्यासारख्या कळा येतात, आणि त्या आयबीडीच्याच वाटतात.

पायरी ३: अंगात जे कमी आहे ते भरून काढा

ही पायरी साधी आहे. आयबीडीत लोह, बी १२, डी, फॉलिक ॲसिड, झिंक यांची कमतरता सर्रास आढळते. रक्त तपासा, कमी असेल ते घ्या, पुन्हा तपासा. लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी असेल किंवा काढलेला असेल तर बी १२ अन्नातून शोषलं जात नाही, त्याची इंजेक्शनं लागू शकतात. सल्फासलाझीन किंवा मेथोट्रेक्सेट ही आयबीडीची औषधं घेणाऱ्यांना फॉलिक ॲसिड देतात, स्टेरॉइड चालू असेल तर कॅल्शियम आणि डी.

यातल्या कशानेही पोटदुखी थेट थांबत नाही. पण रक्तक्षय आणि थकवा गेला की तेच दुखणं सोसवतं, झोप लागते, माणूस चार पावलं चालतो. डीबद्दल दावे फार होतात. डेन्मार्कमध्ये क्रोन्सच्या ९४ रुग्णांवर वर्षभर केलेल्या चाचणीत रोज १,२०० युनिट घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचा आजार उलटला, म्हणजे पुन्हा भडकला, आणि न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांचा. आशा वाटावी असा फरक आहे, पण गट लहान होता आणि फरक योगायोगाचा असण्याची शक्यता पुरती मिटली नाही. कमी असेल तर जरूर घ्या. पातळी चांगली असताना वरून ढोसू नका.

पायरी ४: मग दुखण्यासाठीच्या पूरकांकडे या

माझ्या मते चारच गोष्टींवर बोलण्यासारखं काही आहे.

इसबगोलपासून सुरुवात करते. १९९१ साली स्वीडनमधल्या एका लहान अभ्यासात आजार शांत असलेल्या यूसीच्या रुग्णांच्या पोटाच्या तक्रारी इसबगोलने कमी झालेल्या दिसल्या. १९९९ साली स्पेनमध्ये १०५ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. एका गटाला इसबगोलाचं बी १० ग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला मेसालामीन हे यूसीचं नेहमीचं औषध, तिसऱ्याला दोन्ही. आजार उलटण्याचं प्रमाण अनुक्रमे ४०, ३५ आणि ३० टक्के. म्हणजे मेसालामीन सोडा असं नाही, तर मेसालामीनसोबत इसबगोलाची जोड बरी, असा त्याचा अर्थ मी घेते. आजार शांत असावा, आणि अरुंद भाग नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असावं. एक छोटा चमचा, मोठा पेलाभर पाणी, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल गोळा होऊन अडतं. बाकीच्या औषधांच्या आणि त्याच्या मध्ये दोन तास जाऊ द्या. क्रोन्स असेल तर आतड्याची एमआर किंवा सीटी तपासणी होऊन वाट मोकळी असल्याचं कळेपर्यंत इसबगोल नाही. माझ्याच घरात हे घडलेलं असल्याने यावर मी वाद घालत नाही, देतच नाही.

दुसरी हळद, म्हणजे तिच्यातलं कर्क्युमिन. आपल्या लोकांचा हळदीवर एवढा विश्वास आहे की हे सावकाश सांगायला हवं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम यूसीच्या ५० रुग्णांना मेसालामीनसोबत महिनाभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन किंवा नुसतीच दिसायला तशी गोळी दिली. कर्क्युमिनवाल्या २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. त्याआधी जपानमध्ये रोज २ ग्रॅम देऊन आजार उलटण्याचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं होतं. पण दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा काहीच फायदा झाला नाही. म्हणजे मात्रा महत्त्वाची. आता घरातला हिशेब करा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. चहाच्या चमचाभर हळदीतून जेमतेम ०.१ ग्रॅम मिळतं. ३ ग्रॅमसाठी ६० ग्रॅम तरी हळद खावी लागेल, बहुतेकदा त्याहून पुष्कळ जास्त. हळदीचं दूध प्यायल्याने बरं वाटत असेल तर जरूर प्या, दूध पचत असेल तर. पण त्याला यूसीचा उपचार समजू नका.

मग कर्क्युमिनच्या गोळ्या सरसकट घ्याव्यात का? नाही. हा पुरावा सौम्य ते मध्यम यूसीचा आहे, आणि तोही मेसालामीन चालू ठेवून. क्रोन्सच्या शस्त्रक्रियेनंतर फ्रान्समध्ये रोज ३ ग्रॅम देऊन पाहिलं, फायदा झाला नाही. शिवाय कर्क्युमिन सहज शोषलं जात नाही म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. पिपेरिन इतर औषधांचीही रक्तातली पातळी बदलू शकतं. ॲझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यात ही भर. पिपेरिन नसलेली गोळी निवडा, डॉक्टरांना सांगून सुरू करा, महिन्याने यकृताची रक्ततपासणी करा. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर सुरूच करू नका.

तिसरं, प्रोबायोटिक. भारतातच, लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यूसीच्या १४७ रुग्णांपैकी काहींना आठ जिवाणूंचं मिश्रण दिलं. १२ आठवड्यांनी त्या गटातल्या सुमारे ४३ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्या गटात सुमारे १६ टक्के. पण त्यातली मात्रा बघा: दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ३.६ लाख कोटी जिवाणू. आपल्या दुकानांतल्या साध्या कॅप्सूलमध्ये काही शे कोटी असतात. एवढा मोठा फरक असताना "प्रोबायोटिक घेतो" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. कुठले जिवाणू, किती, हे डब्यावर नसेल तर तो डबा ठेवून द्या. जर्मनीत ई. कोलाय निस्ले नावाचा एक जिवाणू यूसी शांत ठेवण्यात मेसालामीनच्या तोडीचा ठरला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सोबतच्या सैनिकांना हगवण लागली असताना जो धडधाकट राहिला त्याच्या पोटातून अल्फ्रेड निस्ले यांनी तो वेगळा केला होता. क्रोन्समध्ये मात्र प्रोबायोटिकचा फायदा दिसलेला नाही. प्रतिकारशक्ती खूप दाबलेली असेल किंवा शिरेत कायमची नळी असेल तर जिवंत जिवाणू विचारल्याशिवाय घेऊ नका. घरचं ताक सोसत असेल तर ते अन्न म्हणून उत्तम आहे. कॅप्सूलची जागा ते घेत नाही आणि ताकाची जागा कॅप्सूल घेत नाही.

चौथं पुदिन्याचं तेल. दाह शांत आहे, कॅलप्रोटेक्टिन खाली आहे, तरी पीळ पडल्यासारखं दुखतं, अशा वेळी हे मला सर्वांत तर्काला धरून वाटतं. ते आतड्याच्या स्नायूंचा आखडलेपणा सोडवतं. पुरावा आयबीएसमधला (आतड्यात दाह नसताना पोट दुखण्या-बिघडण्याच्या विकारातला) आहे, खुद्द आयबीडीतला फारसा नाही, हे लक्षात ठेवा. जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारं आवरण असलेली कॅप्सूलच घ्यायची. नेहमीची मात्रा ०.२ मिलिलिटरची एक, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. चावायची नाही, फोडायची नाही. ॲसिडिटीच्या गोळीसोबत घेतली तर आवरण आधीच विरघळतं आणि छातीत जळजळतं. छातीतल्या जळजळीचा जुना त्रास असेल तर टाळा, आजार भडकलेला असताना टाळा. पुदिन्याची चटणी किंवा चहा हे वेगळं, त्यातून एवढं तेल जात नाही.

ओवा, सुंठ, जिरं, हिंग यांच्याबद्दल रोज विचारतात. गॅससाठी चिमूटभर ओवा किंवा जिऱ्याचं पाणी सोसत असेल तर मी कुणाला अडवत नाही. गरम पाण्याची पिशवीही घ्या. तिने खरंच बरं वाटतं.

आणि पूरक नसलेली एक गोष्ट: शांत आजारात गॅस-फुगाऱ्यासाठी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली गहू, कांदा, लसूण, राजमा, दूध यांसारखे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ चार आठवडे कमी करणं. लंडनमध्ये आजार शांत असलेल्या ५२ रुग्णांवर हे करून पाहिलं तेव्हा अर्ध्याहून थोड्या जास्त लोकांना आराम पडला, तुलनेच्या गटात १६ टक्क्यांना. कित्येक गोळ्यांपेक्षा हे चांगलं आहे. पण चार आठवडेच, नंतर एकेक पदार्थ परत आणायचा. आधीच वजन उतरलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने हे करू नये.

पायरी ५: ज्यावर पैसे घालवू नयेत, आणि जे टाळावं

माशाच्या तेलातल्या ओमेगा ३ च्या दोन मोठ्या चाचण्या क्रोन्सच्या रुग्णांवर झाल्या, निकाल २००८ साली आले. रोज ४ ग्रॅम देऊनही आजार उलटायचा थांबला नाही. बांगडा, तारली खा, कॅप्सूलवर खर्च करू नका.

शल्लकी म्हणजे आपल्या सालईचा डिंक. जम्मूत यूसीच्या रुग्णांवर १९९७ साली त्याचे चांगले परिणाम नोंदले गेले, पण गट लहान होता. जर्मनीत क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा काही फरक नाही. कोरफडीचा रस यूसीत थोडा उपयोगी पडल्याचा एक लहान इंग्लिश अभ्यास आहे. बाजारातल्या रसात मात्र सालीखालचा पिवळा चीक उतरलेला असेल तर तो रेचक असतो, कळा आणतो आणि पोटॅशियम कमी करतो. स्टेरॉइडने पोटॅशियम आधीच घटतं. ज्येष्ठमधानेही पोटॅशियम कमी होतं.

गुळवेल नको. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले, आणि २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी, जी वनस्पती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात ती, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटलेल्या माणसाला मी हातात देणार नाही. "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेल्या प्रत्येक डब्याला हेच लागू.

पायरी ६: डबा उलटा करून वाचा

पुढच्या बाजूची पानं-फुलं बघू नका. मागे १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक शोधा. २०१६ च्या नियमांनुसार पूरक आहारावर तो औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असं छापावं लागतं. ते बारीक इंग्रजी अक्षरांत असतं. वाचा, आणि दुकानदार "याने कोलायटिस बरा होतो" म्हणाला तर त्याला ते दाखवा. प्रत्येक घटकाची मात्रा वेगवेगळी दिलेली हवी. "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून सगळ्याची एकच बेरीज दिली असेल तर काय किती खाताय हे तुम्हाला कधीच कळणार नाही. इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (आतड्यात आंबणारे तंतू) घातलं असेल तर गॅस वाढतो. क्रोन्सच्या रुग्णांना रोज १५ ग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा फायदा झाला नाही, तक्रारी वाढल्या. तारीख, सील, प्रोबायोटिक फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे विचारा. उन्हात तापलेल्या कुरियरच्या गाडीतून आलेले जिवाणू जिवंत असतील का, याचाही विचार करा.

पायरी ७: एका वेळी एकच, आणि वहीत लिहून

दोन गोष्टी एकदम सुरू केल्या तर बरं कशाने वाटलं आणि बिघडलं कशाने, हे कळत नाही. सुरू करण्याआधी दोन आठवडे साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती, कधी दुखलं (जेवणाआधी, नंतर, झोपेत), संडासला किती वेळा आणि कशी, आणि काय खाल्लं. बायकांनी पाळीचे दिवसही लिहावेत. पाळीच्या आसपास आतड्याच्या तक्रारी अनेकींच्या वाढतात, आणि त्याचं खापर नव्या गोळीवर फुटतं. मग एक पूरक, कमी मात्रेने. पुदिन्याच्या तेलाला चार आठवडे पुरतात, इसबगोल आणि कर्क्युमिनला आठ, प्रोबायोटिकला बारा. मूळ औषधाची एकही गोळी चुकवायची नाही, बरं वाटलं तरी नाही. बरं वाटलं म्हणून मेसालामीन सोडणारे आणि दोन-तीन महिन्यांनी रक्ताचे जुलाब घेऊन परत येणारे रुग्ण मी इतके पाहिलेत की हे वाक्य मी पाकिटावर पेनाने लिहून देते.

गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे जाताना वही आणि सगळ्या डब्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो न्या. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात "ते हिरव्या झाकणाचं" सांगून भागत नाही. रागावतील म्हणून काढा लपवू नका. तीनच प्रश्न विचारा: माझ्या आतड्यात कुठे अरुंद भाग आहे का, सध्या दाह आहे का, आणि हे माझ्या चालू औषधांसोबत चालेल का. कोलोनोस्कोपी किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर पूरकांची यादी आधीच द्या. लोह सहसा आठवडाभर आधी थांबवतात. दिवस राहिले असतील किंवा तशी तयारी असेल तर कर्क्युमिन, कोरफड, शल्लकी सगळं बाजूला ठेवून आधी बोला.

मुदत संपली आणि वहीतला आकडा तिथल्या तिथेच असेल, तर बंद करा. आणखी एक बाटली घेऊन बघू, असं करू नका. दुखणं ७ वरून ४ वर आलं असेल तर ते मोठं यश आहे. चालू ठेवा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा थांबवून बघा की अजून गरज आहे का.

आणि उरलेली अर्धी बाटली शेजारच्या कोलायटिसवाल्या काकूंना देऊ नका. दुकानात परत आणलीत तर मी ती टाकून देईन, पैसे मात्र परत मिळणार नाहीत.